काढा कोण पितो?

कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी एक ते चार बंद असतं. त्यावर जे विनोद करायचे असतील ते करून घ्या. दर महिन्याला येणारा एक मुलगा आहे. तिशीचा, हिंजवडीत नोकरीला. दोन वर्षं त्याची चिठ्ठी तीच आहे, नैराश्यावरची एसिटालोप्राम, १० मिलिग्रॅम, रोज एक. मागच्या महिन्यात पट्ट्या पिशवीत टाकत असताना म्हणाला, “काका, एक विचारू? पेरूला चाललोय, आयावास्काच्या शिबिराला. दहा दिवस. पण एक मित्र म्हणतो मशरूम बरे, दुसरा म्हणतो पेयोटे. यातलं चांगलं कुठलं?”

मी म्हटलं, “शिबिरवाल्यांनी चालू औषधांचं काही विचारलं का रे?”

त्याने फोनवर फॉर्म दाखवला. शाकाहारी की वीगन, ग्लूटेन चालतं का, खोली एकट्याला हवी की दोघांत, सगळं होतं. औषधांचा रकाना नव्हता.

त्या दिवशी मागे तीन गिऱ्हाईकं उभी होती, त्यामुळे जेमतेम दोन वाक्यं बोललो. उरलेलं इथे लिहितो. तो एकटाच हे विचारणारा नाही, आणि ‘पवित्र वनस्पती’ या एका नावाखाली लोक विधीत घ्यायच्या, मनावर अंमल करणाऱ्या ज्या गोष्टी एकत्र बांधतात त्यांतल्या काही एकमेकींच्या लांबच्या नातेवाईकसुद्धा लागत नाहीत.

आयावास्कापासूनच सुरू करू. क्वेचुआ भाषेत ‘आया’ म्हणजे मृतात्मा आणि ‘वास्का’ म्हणजे दोर किंवा वेल. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या या काढ्यात बहुतेक ठिकाणी दोन वनस्पती असतात. एक जाड, पिळदार वेल. ती आपल्या माधवीलतेच्या कुळातली आहे. दुसरी चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं, हे झुडूप कॉफीच्या कुळातलं. दृश्यं दाखवणारं रसायन, डीएमटी, पानांत असतं. पण नुसती पानं उकळून प्यायलात तर काही होत नाही. आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम असतं. त्याला आम्ही माओ म्हणतो. डीएमटी मेंदूपर्यंत पोचायच्या आत ते त्याचे तुकडे करतं. वेलीत हार्मिन आणि हार्मालिन असतात, आणि ती दोन्ही या माओला काही तास गप्प बसवतात. मग पानांतलं डीएमटी रक्तात उतरतं आणि चार-पाच तास राहतं.

आयुर्वेदात अनुपान म्हणतात ना, मधाबरोबर घ्या, तुपाबरोबर घ्या? फार्मसी शिकलेल्या माणसाला वाटतं की पान हे औषध आणि वेल हे अनुपान. तिथल्या वैद्यांना विचाराल तर उलटं सांगतील. त्यांच्या लेखी शिकवणारी वेलच आहे, पान फक्त उजेड पाडतं. काढ्याला नावही वेलीचंच आहे. हजारो जातींच्या त्या जंगलात या दोघींची जोडी कशी जमवली असेल याचं मला अजून आश्चर्य वाटतं. बोलिव्हियाच्या नैऋत्येला एका गुहेत साधारण हजार वर्षांपूर्वीचं विधीचं गाठोडं मिळालं. त्यात कोल्ह्यांच्या तीन तोंडांची कातडी शिवून केलेली एक पिशवी होती. तिच्या तपासणीचे निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. हार्मिन आणि डीएमटी, दोन्हींचे अंश त्यात सापडले.

आता त्या मुलाच्या गोळीकडे येऊ. मेंदूत पेशींमध्ये निरोप पोचवणारं सेरोटोनिन काम झालं की दोन वाटांनी कमी होतं. काही पेशी परत शोषून घेतात, काही माओ मोडून टाकतं. मोरीला दोन निचरे असावेत तसं. एसिटालोप्राम यातला पहिला निचरा अडवतं. नैराश्यावर त्याचा उपयोग होतो तो त्यातूनच. वेल दुसरा अडवते. दोन्ही एकदम बुजले तर मोरी तुंबणारच. थरथर, घाम, ताप, स्नायू ताठणं, रक्तदाब वरखाली होणं, भान हरपणं असा हा प्रकार आहे. सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात त्याला, आणि तो जिवावर बेतू शकतो. “मग आधी आठ दिवस गोळ्या बंद करतो” असं म्हणणारे भेटतात. त्यातल्या काही गोळ्या, उदाहरणार्थ फ्लुऑक्सेटीन, बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहतात. शिवाय नैराश्याची गोळी एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी येते आणि मूळ आजार उलटतो, ते वेगळंच. शिबिराच्या तारखेवरून हा निर्णय होत नाही. तो डॉक्टरांचा आहे.

या विषयात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट मात्र रसायनाची नाही. अॅमेझॉनमधल्या अनेक जमातींत जुन्या रीतीप्रमाणे काढा वैद्य पितो. आजारी माणूस नुसता पडून असतो. काढा पिऊन वैद्याला दिसतं की आजार कुठे बसलाय, कुणी पाठवलाय. मग तो इकारो नावाची गाणी म्हणतो, तंबाखूचा धूर फुंकतो, अंगातला अदृश्य बाण चोखून काढतो. औषध डॉक्टरने घ्यायचं, पेशंटने नाही! ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण आपल्याकडच्या देवऋषाला आठवा. वारं त्याच्या अंगात येतं, आजाऱ्याच्या नाही. वीस परदेशी पाहुण्यांना ओळीने बसवून प्रत्येकाच्या हातात पेला द्यायचा ही पद्धत प्रामुख्याने पर्यटनाबरोबर वाढली. ब्राझीलमधले सान्तो दायमे सारखे पंथ तेवढे वेगळे. तो पंथ १९३० च्या दशकात उभा राहिला, आणि त्यात सगळे जण पांढऱ्या गणवेशात, भजनं म्हणत काढा घेतात.

तंबाखूचं नाव आलंच आहे तर सांगून टाकतो. दोन्ही अमेरिका खंडांत मिळून सगळ्यात सर्वदूर पवित्र मानली गेलेली वनस्पती कदाचित हीच असेल. वैद्याची खरी ताकद तिच्यात, असं मानणारे वैद्य पेरूत आहेत. तिथली विधीची तंबाखू आपल्या नेहमीच्या तंबाखूपेक्षा निकोटीनने कितीतरी कडक असते. पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली, विधी मात्र तिकडेच राहिला, आणि आमच्या आजीच्या हाती मिश्री लागली.

पेयोटेकडे वळू. हा काटे नसलेला, बटणाएवढा निवडुंग उत्तर मेक्सिको आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाला, बस, एवढ्याच पट्ट्यात उगवतो. मेक्सिकोतले विशारिका लोक, ज्यांना बाहेरचे ‘हुइचोल’ म्हणतात, त्याच्यासाठी पश्चिमेकडच्या डोंगरांतून शेकडो किलोमीटरवरच्या विरिकुता या वाळवंटात जातात. पुणेकराला ही गोष्ट समजवायला वेळ लागू नये, दर ज्येष्ठात वारी आपल्या दारावरून जाते. वाटेत ते वस्तूंना उलटी नावं देतात, केलेल्या चुका सगळ्यांसमोर कबूल करतात, आणि तिथे पोचल्यावर पेयोटे उपटत नाहीत तर त्याची शिकार करतात, धनुष्यबाण घेऊन. त्यांच्यासाठी हरीण, मका आणि पेयोटे ही एकाच देवाची तीन रूपं आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत आपले राजगड, शिवनेरी, लोहगड आणि इतर किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याच बैठकीत विरिकुताची ही वाटही यादीत गेली. आपल्याकडे पेढे वाटले, तिकडची बातमी कुणाच्या नजरेला पडली नाही.

अमेरिकेतल्या आदिवासींच्या नेटिव्ह अमेरिकन चर्चमध्येही पेयोटे हा प्रसाद आहे. हे चर्च १९१८ मध्ये ओक्लाहोमात रीतसर नोंदवलं गेलं. आजारी माणसासाठी रात्रभराची बैठक मांडतात. तंबूत मधोमध विस्तव, पाणी भरलेला ढोल, खुळखुळा, आळीपाळीने गाणी, आणि पहाटे पाणी पिऊन सगळ्यांचं एकत्र जेवण. संबळाऐवजी पाण्याचा ढोल धरला तर जागरण-गोंधळाची रात्र आठवावी अशी ही बैठक. पेयोटेतलं रसायन मेस्कलीन. १८९७ मध्ये आर्थर हेफ्टर या जर्मन शास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं आणि स्वतः घेऊन पाहिलं. त्याचा अंमल दहा-बारा तास चालतो. रात्रभराची बैठक त्या मापालाच शिवल्यासारखी आहे.

पेयोटेबद्दल मी त्या मुलाला सरळ नको म्हणालो, आणि त्याचं कारण तब्येत नव्हतं. बीपासून हाताशी येण्याजोगा व्हायला या निवडुंगाला दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. जंगलातला साठा कमी होत चाललाय. ज्यांचा तो देव आहे त्यांनाच पुरत नाही. हौसेखातर त्यातला एक कमी करायचा हे मला पटत नाही.

अळंबीची गोष्ट माणसांची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. (अळंबी ही वनस्पती नव्हे, बुरशी आहे; पण विधीला हा फरक नसतो.) मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात, वाउत्ला नावाच्या डोंगरी गावात मारिया साबिना नावाची माझातेक वैदू बाई होती. अळंबीला ती ‘पवित्र लेकरं’ म्हणायची. गावात कुणी आजारी पडलं तर रात्री, अंधारात, लेकरं खाऊन ती गात बसायची, आणि ती गाणी म्हणजेच उपचार. नुसतं ‘देव बघायचाय’ म्हणून तिच्याकडे कुणी येत नसे. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकर तिच्या बैठकीला बसला. १९५७ मध्ये त्याने ‘लाइफ’ या साप्ताहिकात लेख लिहिला, बाईचं नाव बदलून. नाव बदलून काय होतंय? पुढच्या दहा-बारा वर्षांत गावात परदेशी तरुणांची रीघ लागली, मागोमाग पोलीस आले, गावकरी बाईवर उलटले, तिचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून लेकरांची ताकद गेली, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

मधे एक प्रसंग घडला आणि तो मला दुकानदार म्हणून फार आवडतो. स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट हॉफमनने १९५८ मध्ये अळंबीतलं सायलोसायबिन वेगळं केलं आणि प्रयोगशाळेत तयारही केलं. १९६२ मध्ये तो स्वतः त्याच्या गोळ्या घेऊन वाउत्लाला गेला. बाईने गोळ्या घेऊन रात्रभर बैठक केली. पहाटे सांगितलं की गोळीत आणि लेकरांत फरक नाही, आता अळंबीचा हंगाम नसेल तेव्हाही लोकांना बरं करता येईल. रसायन खरं की श्रद्धा खरी यावर आपण वाद घालत बसतो. तिने एका रात्रीत गोळीला पास करून टाकलं. पण गाणारी तीच होती, हे विसरायचं नाही.

सायलोसायबिन, मेस्कलीन आणि डीएमटी या तिन्ही चाव्या मेंदूतल्या एकाच कुलुपाला लागतात. सेरोटोनिनच्या त्या ग्राहीचं नाव ५-एचटी-२ए. म्हणजे ‘कुठलं चांगलं’ हा प्रश्न या तिघांपुरता तरी बराचसा निकालात निघतो. चावी किती वेळ फिरते, सोबत काय पोटात जातं आणि शेजारी कोण जागं बसलंय, यानेच मोठा फरक पडतो.

अळंबीवर आता दवाखान्यांत अभ्यास चालू आहेत, आणि त्यातला एक थेट त्या मुलाच्या चिठ्ठीला लागू पडतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२१ मध्ये सायलोसायबिनची तुलना एसिटालोप्रामशीच केली, ५९ लोकांवर. मुख्य मोजपट्टीवर सहा आठवड्यांनी दोघांत ठोस फरक निघाला नाही. २०२२ मधला अभ्यास मोठा होता, २३३ लोक, सगळ्यांचं नैराश्य औषधांना दाद न देणारं. २५ मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने तीन आठवड्यांनी चांगला उतार दिसला, पण बाराव्या आठवड्यापर्यंत तो टिकलेले लोक बरेच कमी होते. या अभ्यासांत लोकांची आधीची औषधं देखरेखीखाली बंद केलेली असतात, स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया असेल तर घेत नाहीत, आणि पूर्ण वेळ शेजारी प्रशिक्षित माणूस बसलेला असतो. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठराविक मानसोपचारतज्ज्ञांना ते द्यायची परवानगी दिली, तीही याच अटींच्या चौकटीत. पाहा, फिरून पुन्हा जागं बसणाऱ्या माणसापाशीच आलो.

इबोगा हे प्रकरणच निराळं. मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये ब्विती पंथाच्या दीक्षेत या झुडपाच्या मुळाची साल खातात. झुडूप आपल्या तगरीच्या कुळातलं. अंमल चोवीस तासांहून जास्त राहू शकतो. अफूच्या जातीच्या नशेची ओढ त्याने कमी होते म्हणून जगभर त्याचा गवगवा झाला. पण त्यातलं इबोगेन हृदयाच्या ठोक्यांमधलं विजेचं चक्र लांबवतं, ईसीजीवर ज्याला क्यूटी म्हणतात ते. त्याने माणसं दगावलेली आहेत. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि उलटीवरचं डॉम्पेरिडॉन यांनीही क्यूटी लांबतो. ही दोन्ही औषधं लोक माझ्याकडे चिठ्ठीशिवाय मागतात आणि नाही म्हटलं की रागावतात.

आणि मग धोत्रा. महाशिवरात्रीला ओंकारेश्वराबाहेर बेलाच्या शेजारी त्याची काटेरी फळं विकायला असतात, त्यामुळे ‘आपल्याकडेही आहेच की’ हे वाक्य हटकून ऐकू येतं. आहे, पण शंकराला वाहण्यासाठी. विष पचवायचं काम त्याचं, आपलं नाही. धोत्रा वांग्या-टोमॅटोच्या कुळातला, आणि वरच्या तिघांचं कुलूप त्याला लागत नाही. त्यातले अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन वेगळाच मार्ग, अॅसिटिलकोलिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा, बंद करतात. अळंबी खाल्लेल्याला बहुधा ठाऊक असतं की आपण काहीतरी खाल्लंय म्हणून हे दिसतंय. धोत्रा पोटात गेलेल्याला ते भान राहत नाही. तो समोर नसलेल्या माणसाशी बोलतो, नसलेली विडी ओढतो, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. तोंड कोरडं, बाहुल्या विस्फारलेल्या, अंग तापलेलं, लघवी अडलेली. किती बियांत किती विष हे झाडागणिक बदलतं, म्हणून त्याला सुरक्षित मात्राच नाही. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये लिहून ठेवलंय की धोत्रा खायला घालून चोऱ्या करतात. साक्षात्कारासाठी खातात असं नाही, चोऱ्या करतात.

गंमत अशी की कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याला सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा टोचतात ते हेच अॅट्रोपिन. आणि खुद्द धोत्र्याच्या विषबाधेवर उतारा म्हणून जे फायसोस्टिग्मीन आहे, ते पश्चिम आफ्रिकेतल्या एका शेंगेच्या बीमधून निघालं. तिथे गुन्हेगार कोण हे ठरवायला संशयिताला ती बी खायला लावत. म्हणजे एका विधीच्या विषाला दुसऱ्या विधीच्या विषाचा उतारा.

भांगेबद्दल थोडक्यात. ती या यादीत सगळ्यात सौम्य मानली जाते, पण धुळवडीला लोकांना दवाखान्यात नेते ती तिची घाई न करण्याची सवय. तिच्यातलं नशेचं रसायन, टीएचसी, चरबीत विरघळतं, म्हणून दूध-बदामात घोटण्याची जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. मात्र पोटातून चढायला तास-दीड तास लागतो. अर्ध्या तासात ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात. मेंदूत त्याच जागी बसणारा आपला स्वतःचा पदार्थ १९९२ मध्ये सापडला, तेव्हा शास्त्रज्ञांनी संस्कृतातल्या ‘आनंद’ वरून त्याचं नाव अनंदामाइड ठेवलं.

सोमाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल सोमाला वाहिलेलं आहे, पण ती नेमकी कुठली वनस्पती यावर एकमत नाही. वर आलेल्या त्याच वॉसनने १९६८ मध्ये ती लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी असल्याचं मांडलं. पारशी लोक हओमाच्या, म्हणजे सोमाच्या इराणी भावंडाच्या, विधीत एफेड्राच्या काड्या वापरतात. कुणी हर्मल नावाचं झुडूप सुचवतं. त्याच्या बियांत तेच हार्मिन आणि हार्मालिन आहेत, अॅमेझॉनच्या वेलीतले. आपल्याकडच्या सोमयागांत पर्यायी वेल कुटली जाते, आणि ती पिऊन कुणाचंही विमान उडत नाही.

कायद्याचं एकदा सांगून ठेवतो. डीएमटी, मेस्कलीन आणि सायलोसायबिन ही तिन्ही आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहेत. भांगेची नुसती पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात दारूबंदीचा जुना कायदा तिला लागू होतो. पेरूत आयावास्काची पारंपरिक विद्या २००८ पासून राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा आहे, पण म्हणून तिथून बाटली बॅगेत घालून आणता येत नाही. हेही त्या मुलाने विचारलं होतं.

परवा तो पुन्हा आला. शिबिरवाल्यांना त्याने गोळ्यांचं कळवलं होतं. ‘आठवडाभर आधी बंद करा आणि मन मोकळं ठेवून या’ असं उत्तर आलं. ते त्याने त्याच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर काय म्हणाले हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. चिठ्ठी पुढे सरकवली. एसिटालोप्राम, १० मिलिग्रॅम, रोज एक. तिकीट अजून रद्द केलेलं नाही म्हणाला, माचू पिचू बघायचंय. दहाच्या तीन पट्ट्या दिल्या आणि उंचावर चक्कर आली तर काय करायचं ते सांगितलं.